समुद्रातला प्रश्न आणि किनाऱ्यावरचा प्रश्न

११ ऑक्टोबर २०१३ रोजी लिबियाहून निघालेल्या एका गच्च भरलेल्या बोटीतून एका सीरियन डॉक्टरने उपग्रह फोनवरून रोममधील सागरी बचाव समन्वय केंद्राशी संपर्क साधला. बोटीत पाणी भरत होते, शेकडो माणसे होती आणि मुले पुष्कळ होती. त्याने आपले ठिकाण अक्षांश-रेखांशांसह कळवले. पुन्हा फोन केला तेव्हा त्याला सांगण्यात आले की, तुम्ही आहात तो भाग माल्टाच्या अखत्यारीत येतो, तेव्हा माल्टाला फोन करा. माल्टाचे उत्तर असे की, तुम्ही इटलीच्या लाम्पेदुसा बेटाला अधिक जवळ आहात. इटलीच्या नौदलाचे ‘लिब्रा’ हे जहाज तेथून सुमारे तासाभराच्या अंतरावर होते, परंतु त्याला वेळेवर पाठवले गेले नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास बोट उलटली आणि दोनशेहून अधिक माणसे बुडाली, त्यांत सुमारे ६० मुले होती. जानेवारी २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने या माणसांच्या जीविताच्या हक्काचे रक्षण करण्यात इटली अपयशी ठरल्याचा निष्कर्ष दिला. डिसेंबर २०२२ मध्ये रोमच्या न्यायालयाने दोन अधिकाऱ्यांची कसूर मान्य केली, मात्र खटल्याची मुदत उलटून गेल्यामुळे कोणालाही शिक्षा झाली नाही.

त्या दुपारी बोटीतली माणसे देशाच्या सुरक्षेला धोका आहेत, असे कोणी म्हटले नव्हते. टोलवाटोलवी चालली होती ती अगदी वेगळ्या भीतीपोटी: जो त्यांना पाण्यातून वर काढील, त्याच्याच पदरात ती पडतील. भूमध्य समुद्रातील स्थलांतरितांच्या बचावावर २०१३ पासून जो वाद चालू आहे, त्याच्या मुळाशी हीच भीती आहे, असे माझे मत आहे. ‘वाचवायचे की नाही’ आणि ‘ठेवून घ्यायचे की नाही’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिला समुद्रात, काही तासांच्या आत, एकाच रीतीने सुटतो. दुसरा किनाऱ्यावर, कागदपत्रे, मुलाखती आणि न्यायालये यांच्या आधारे सुटायचा असतो, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची व्यवस्था ज्यांना उभी करता आली नाही, त्या सरकारांनी पहिल्याच प्रश्नाला आडकाठी घातली, आणि तिची किंमत हजारो माणसांनी दिली.

बुडणाऱ्याला वाचवण्याचे कर्तव्य ही अलीकडच्या मानवतावाद्यांनी काढलेली कल्पना नाही. १९१० च्या ब्रुसेल्स करारात, आपले जहाज, खलाशी व प्रवासी यांना गंभीर धोका नसेल तर समुद्रात प्राणसंकटात सापडलेल्या प्रत्येकाला, मग तो शत्रू का असेना, मदत करण्यास प्रत्येक कप्तान बांधलेला आहे, असे स्वच्छ लिहिले होते. महायुद्धाला चारच वर्षे उरली असताना युरोपातील राष्ट्रांनी हे शब्द मान्य केले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे सागरी जीवितसुरक्षेचा १९७४ चा करार, शोध व बचावाचा १९७९ चा हॅम्बुर्ग करार आणि समुद्री कायद्याच्या १९८२ च्या कराराचे कलम ९८ यांनी हेच तत्त्व पक्के केले. हॅम्बुर्ग करार तर संकटातील माणसाचे राष्ट्रीयत्व आणि दर्जा विचारात घ्यायचा नाही, असे स्पष्ट सांगतो. यामागे दयाबुद्धी आहेच, पण दर्यावर्दी लोकांचे व्यवहारज्ञानही आहे. आज मी ज्याच्या हाकेला धावलो नाही, त्याच्या जागी उद्या मी असेन, हे समुद्रावर पोट असलेल्या प्रत्येकाला कळते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि पंधरा माणसे गेली. तरीही शंभराच्या आसपास प्रवासी वाचले, ते आसपासच्या बोटींनी आपापली कामे सोडून तिकडे धाव घेतली म्हणून. पाण्यात हात वर केलेला माणूस कुठल्या राज्याचा, हा विचार त्या बोटींवरच्या कोणाच्याही मनात आला नसेल.

कायदा जिथे अपुरा पडला तो मुद्दा पुढचा आहे. वाचवलेल्यांना उतरवायचे कुठे? २००४ मध्ये करारांत दुरुस्त्या झाल्या आणि ज्या देशाच्या बचावक्षेत्रात घटना घडली त्याने सुरक्षित ठिकाणी उतरवण्याची व्यवस्था लावण्याची प्रमुख जबाबदारी घ्यावी, असे ठरले. माल्टाने त्या दुरुस्त्या स्वीकारल्या नाहीत. त्यात भर पडली ती युरोपीय संघाच्या डब्लिन नियमांची. माणसाने ज्या देशात प्रथम पाऊल ठेवले, त्यानेच सामान्यतः त्याच्या आश्रयाच्या अर्जाचा निकाल लावायचा, असा तो नियम. म्हणजे बर्लिन आणि पॅरिस यांच्या वाट्याचा भार भूगोलाने लाम्पेदुसावर टाकला. तेथे अवघ्या वीस चौरस किलोमीटरच्या भूमीवर सुमारे सहा हजार लोक राहतात, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दोन-तीन दिवसांत त्यांच्या संख्येहून अधिक माणसे उतरली. त्या बेटावरच्या रहिवाशांच्या संतापाला वंशद्वेष म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. वर्षानुवर्षे त्यांनी मृतदेह पुरले आहेत, जिवंतांना कपडे दिले आहेत. त्यांची तक्रार रोम आणि ब्रुसेल्सविरुद्ध आहे, आणि ती खरी आहे.

या वादात सर्वाधिक वेळा उच्चारला जाणारा युक्तिवाद असा की, बचाव केल्याने लोक अधिक संख्येने निघतात. वाचवणारे जहाज हेच आमिष ठरते. याची कसोटी घेण्याची संधी इतिहासाने दिली, आणि ती फार क्रूर होती. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी लाम्पेदुसाच्या किनाऱ्याजवळ ३६० हून अधिक माणसे बुडाली आणि आठवड्याभरात आरंभी सांगितलेली दुर्घटना घडली. त्यानंतर इटलीने ‘मारे नोस्त्रुम’ ही नौदलाची मोहीम सुरू केली. महिन्याला सुमारे ९० लाख युरो खर्च करून तिने वर्षभरात दीड लाखाच्या आसपास माणसे वाचवली. युरोपातील अन्य देशांनी खर्चाचा वाटा उचलण्यास नकार दिला. ब्रिटिश सरकारने तर ऑक्टोबर २०१४ मध्ये संसदेत सांगितले की, अशा नियोजित बचावमोहिमांमुळे नकळत ओढ निर्माण होते, म्हणून त्यांना आमचा पाठिंबा नाही. मोहीम बंद झाली. तिच्या जागी युरोपीय संघाच्या फ्रॉन्टेक्स या सीमासंस्थेची ‘ट्रायटन’ मोहीम आली, जिचा मासिक खर्च सुमारे २९ लाख युरो होता आणि गस्त प्रामुख्याने इटलीच्या किनाऱ्यापासून ३० सागरी मैलांपर्यंत होती. आमिष हटले होते. तरीही २०१५ च्या पहिल्या महिन्यांत लोक निघतच राहिले, आणि एप्रिलमध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन बोटी बुडून सुमारे बाराशे माणसे मेली.

त्यांतल्या १८ एप्रिलच्या दुर्घटनेबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. मदतीला नौदल नव्हते म्हणून एका मालवाहू जहाजाला बोलावण्यात आले. अशा जहाजाच्या भिंती चार-पाच मजली उंच असतात, ते चटकन वळत नाही की थांबत नाही, आणि त्यावरचे वीस-पंचवीस खलाशी शेकडो माणसांना अंधारात वर घेण्यासाठी शिकवलेले नसतात. बोट त्या जहाजावर आदळली आणि उलटली. २८ जण वाचले, आठशेहून अधिक गेले, त्यांतले बरेचसे बोटीच्या तळाशी कोंडलेले. पुढच्या वर्षी इटलीच्या नौदलाने ती बोट समुद्रतळातून वर काढली आणि मिलानच्या न्यायवैद्यक तज्ज्ञ क्रिस्टिना कातानेओ यांच्या नेतृत्वाखाली मृतांची ओळख पटवण्याचे काम सुरू झाले. एका किशोराच्या कपड्यात आतल्या बाजूने शिवून ठेवलेले शाळेचे प्रगतिपुस्तक सापडले. तो मालीचा असावा, असे त्यावरून दिसले. समुद्रात बुडालेल्या काहींच्या कपड्यांत बांधलेल्या छोट्या पुडक्यांना तपासणाऱ्यांनी आधी अमली पदार्थ समजले. उघडल्यावर ती गावची माती निघाली. वादात ‘लोंढा’ हा शब्द इतक्या सहज वापरला जातो की, लोंढ्यातला एखादा मुलगा परक्या देशातल्या मास्तरांना दाखवायला आपले गुण सोबत घेऊन निघाला होता, हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे जे खरे आहे तेही मांडले पाहिजे. बचावजहाजे लिबियाच्या किनाऱ्याजवळ येऊ लागली तेव्हा तस्करांनी लाकडी बोटी सोडून हलक्या, स्वस्त रबरी बोटी वापरायला सुरुवात केली, असे काही अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीनिशी दाखवले आहे, आणि ते मला पटते. दहा-बारा मीटरच्या त्या बोटीत शंभरावर माणसे कोंबली जातात. तळाशी सांडलेले पेट्रोल खाऱ्या पाण्यात मिसळून कातडी भाजते, आणि सुरक्षित म्हणून मधोमध बसवलेल्या बायकामुलांनाच त्या जखमा सर्वाधिक होतात. तस्कर दुसऱ्याच्या चांगुलपणावर आपला नफा वाढवतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु यावरून बचाव थांबवावा असा निष्कर्ष काढणे म्हणजे चोराने ओलीस धरलेल्या माणसालाच गोळी घालण्यासारखे आहे. २०११ ते २०२० या काळातील आकडेवारीवर आधारलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाला बचावमोहिमांमुळे निघणाऱ्यांची संख्या वाढल्याचा पुरावा आढळला नाही. युद्ध, वस्तूंच्या किमती, हवामान या गोष्टींशी मात्र तिचा संबंध दिसला. आणि त्याच अभ्यासात असेही आढळले की, लिबियाच्या तटरक्षक दलाने माणसांना अडवून परत नेऊ लागल्यावर निघणाऱ्यांची संख्या घटली. हा निष्कर्ष लपवण्याचे कारण नाही. परत नेणे म्हणजे नेमके काय, हे मात्र पाहिले पाहिजे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये इटलीने लिबियाशी करार केला. बोटी, प्रशिक्षण आणि पैसा इटलीने व युरोपीय संघाने द्यायचा. माणसे लिबियाने अडवायची. युरोपच्या जहाजांनी हे थेट केले असते तर ते बेकायदा ठरले असते, कारण २००९ मध्ये समुद्रात पकडलेल्या सोमाली व इरिट्रियन लोकांना लिबियाच्या हवाली केल्याबद्दल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१२ मध्येच इटलीला दोषी ठरवले होते. म्हणून काम दुसऱ्याच्या हातून करून घेण्यात आले. ज्यांच्या हातून, ते कोण होते? झाविया येथील तटरक्षक तुकडीचा प्रमुख अब्द अल-रहमान मिलाद याच्यावर जून २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मानवी तस्करीसाठी निर्बंध लादले. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने लिबियात स्थलांतरितांविरुद्ध मानवतेविरुद्धचे गुन्हे घडल्याचे मानण्यास वाजवी आधार असल्याचे सांगितले. त्यांत गुलामगिरी, छळ आणि बलात्कार होते. जानेवारी २०२५ मध्ये त्रिपोलीतील कोठड्यांशी संबंधित अधिकारी ओसामा अल्मसरी याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वॉरंटवरून तुरिनमध्ये पकडले गेले, आणि दोन दिवसांत इटलीच्या सरकारी विमानाने घरी पोचवण्यात आले. ज्या धोरणाचे समर्थन तस्करांशी लढा म्हणून केले जाते, त्या धोरणाचा पैसा तस्करांच्याच गोतावळ्यात जिरत असेल, तर त्याला सुरक्षाधोरण म्हणणे भाषेचा अपमान आहे.

सुरक्षेची चिंता मी हलकी लेखत नाही, आणि मुंबईशी नाते असलेल्या कोणालाही ती हलकी लेखता येणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा हल्लेखोर समुद्रमार्गेच कुलाब्याला उतरले होते. युरोपातही उदाहरणे आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये बर्लिनच्या नाताळबाजारात ट्रक घालणारा अनिस अमरी २०११ मध्ये बोटीने लाम्पेदुसाला आला होता; ऑक्टोबर २०२० मध्ये नीसच्या चर्चमध्ये तिघांचे बळी घेणारा तरुण महिन्याभरापूर्वीच त्याच बेटावर उतरला होता. मृतांच्या आप्तांना ‘असे अपवाद असायचेच’ हे उत्तर देता येत नाही. पण या घटना बारकाईने पाहिल्या तर काय दिसते? मुंबईवर आलेल्यांनी ‘कुबेर’ ही मच्छीमार बोट पळवली, तिच्यावरच्या खलाशांना मारले आणि लपतछपत किनारा गाठला. त्यांनी कोणत्याही बचाव केंद्राला फोन केला नाही. जो मदतीसाठी फोन करतो, तो आपले ठिकाण स्वतःहून सरकारच्या हाती देतो. पाण्यातून काढलेल्या माणसाची झडती, बोटांचे ठसे, छायाचित्र, चौकशी हे सारे पहिल्याच दिवशी करता येते. रात्री एखाद्या निर्जन किनाऱ्यावर उतरून पसार झालेल्याचे करता येत नाही. अमरीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. त्याने इटलीत चार वर्षे तुरुंगवास भोगला, त्याला देशाबाहेर काढण्याचा आदेश निघाला, पण ट्युनिशियाने कागदपत्रे दिली नाहीत. जर्मनीनेही त्याचा अर्ज फेटाळला आणि तेथेही कागदांअभावी त्याला परत पाठवता आले नाही. ट्युनिशियाची कागदपत्रे जर्मनीला मिळाली ती हल्ल्यानंतर दोन दिवसांनी. दोष होता तो परतपाठवणीच्या यंत्रणेत. तो तेथे न शोधता बचावाच्या बोटी अडवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे.

आणि प्रत्यक्षात बोटी अडवल्याच गेल्या. जानेवारी २०२३ च्या इटालियन अध्यादेशाने खासगी बचावजहाजाने एक बचाव केला की विनाविलंब नेमून दिलेल्या बंदराकडे जावे, असे बंधन घातले, आणि बंदर नेमले जाऊ लागले ते रावेन्ना, आन्कोना, जेनोव्हा असे दूर उत्तरेचे, जायला-यायला कित्येक दिवस लागतील असे. त्या वर्षी इटलीत समुद्रमार्गे दीड लाखाहून अधिक लोक उतरले. म्हणजे संख्या घटली नाही, आणि त्यांतला फार थोडा भाग खासगी जहाजांनी आणलेला होता. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला कलाब्रियातील कुत्रोच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर तुर्कस्तानहून आलेली बोट फुटून किमान ९४ माणसे मेली. फ्रॉन्टेक्सच्या विमानाने ती बोट आदल्या रात्री पाहिली होती. जूनमध्ये ग्रीसच्या पिलोसजवळ ‘आद्रियाना’ हे सुमारे साडेसातशे माणसांचे जहाज बुडाले. तेही कित्येक तास विमान व तटरक्षक यांच्या नजरेखाली होते. १०४ जण वाचले. पाकिस्तानातून आलेले शेकडो लोक त्यात होते.

अडवून परत पाठवण्याच्या बाजूचे सर्वांत बळकट उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे आणि त्याला सामोरे गेले पाहिजे. २०१३ नंतर ऑस्ट्रेलियाने बोटी परतवल्या, आलेल्यांना नाउरू आणि मानुस बेटांवर ठेवले, आणि बोटी येणे जवळजवळ थांबले. तिच्या किनाऱ्याकडे येताना बुडणेही थांबले. हे खरे आहे. पण माणसांना वर्षानुवर्षे अनिश्चित कोठडीत ठेवून इतरांना धडा द्यायचा, हा त्या यशाचा पाया होता. मानुसवरची कोठडी पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये घटनाबाह्य ठरवली. शिवाय ऑस्ट्रेलियाची बोट इंडोनेशियाच्या किनाऱ्याकडे परतवता येत होती. भूमध्य समुद्रात बोट परतवणे म्हणजे ती झावियाच्या कोठडीकडे परतवणे.

मग करायचे काय? उत्तर एकदा सापडलेले आहे. व्हिएतनाममधून बोटींनी पळणाऱ्यांना आग्नेय आशियातील देश १९७९ मध्ये समुद्रात ढकलून देत होते आणि व्यापारी जहाजे त्यांच्याकडे पाठ फिरवत होती. त्या वर्षी जिनिव्हाच्या परिषदेनंतर अशी योजना आकाराला आली की, जहाजाने वाचवलेल्यांना जवळच्या बंदरात उतरू द्यायचे आणि त्यांना पुढे सामावून घेण्याची हमी इतर देशांनी आधीच द्यायची. ती योजना निर्दोष नव्हती, तरी उतरवणाऱ्या देशाची ‘हे आपल्याच पदरात पडणार’ ही भीती तिने काढून टाकली, आणि त्यामुळे कप्तानांचे हात मोकळे झाले. मे २०२४ मध्ये मंजूर झालेल्या युरोपीय स्थलांतर करारात वाटणीचे तत्त्व आले आहे, पण माणसे घ्यायची नसतील तर माणशी २० हजार युरो देऊन सुटका करून घेण्याची मुभाही आहे. मला ती पुरेशी वाटत नाही. त्याचबरोबर बचावाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एक गोष्ट मोकळेपणाने म्हटली पाहिजे, जी आमच्यापैकी अनेकजण टाळतात: ज्याचा आश्रयाचा दावा नीट तपासून नाकारला गेला आहे आणि ज्याच्या मायदेशी जिवाला धोका नाही, त्याला परत पाठवणे योग्य आहे. हे मान्य केले नाही, तर प्रत्येक बचाव म्हणजे कायमचा प्रवेश ही समजूत आपणच पक्की करतो, आणि मग समुद्रात हात आखडले जातात.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर समुद्रात शोध व बचावाची जबाबदारी भारताने स्वीकारलेली आहे, आणि तिचे एक समन्वय केंद्र मुंबईत आहे. जगभरच्या मालवाहू जहाजांवर कोकणातले खलाशी आणि अधिकारी पिढ्यान्पिढ्या आहेत. उद्या अशा एखाद्या बोटीसमोर त्यांच्यापैकीच कोणीतरी उभा असेल. २०२० मध्ये ‘मर्स्क एटिएन’ या डॅनिश तेलवाहू जहाजाने माल्टाच्या विनंतीवरून २७ जणांना वर घेतले आणि मग ३८ दिवस त्याला कोणी बंदर दिले नाही. असा अनुभव आलेला कप्तान पुढच्या वेळी आपला मार्ग थोडा वळवून घेईल, अशी धास्ती मला वाटते. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपला स्वतंत्र कायदाही नाही, त्यामुळे आपल्या तटरक्षकांनी वाचवलेला माणूस किनाऱ्यावर कोण ठरतो, हे त्या त्या वेळच्या सरकारच्या इच्छेवर राहते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये हेच झाले. बांगलादेशातील कॉक्स बाजारहून निघालेली, इंजिन बंद पडलेली रोहिंग्यांची बोट अंदमान समुद्रात आपल्या तटरक्षक दलाला सापडली. नव्वद जण निघाले होते. ८१ जिवंत होते, आठ मृतदेह होते आणि एक जण बेपत्ता होता. जवानांनी अन्न, पाणी, औषधे दिली, बोट दुरुस्त करवली. ते काम चोख झाले. मात्र बांगलादेशाने त्यांना परत घेण्यास नकार दिला आणि भारतानेही उतरू दिले नाही. बोट समुद्रातच राहिली. जूनच्या आरंभी, निघाल्यापासून ११३ दिवसांनी, ती इंडोनेशियाच्या आचे प्रांतातील इदामान या छोट्या बेटाला लागली. तेथे मच्छीमार विसाव्याला थांबतात. २०१५ मध्ये सैन्याने मनाई केली असतानाही याच प्रांतातल्या मच्छीमारांनी, समुद्रात संकटात सापडलेल्याला सोडायचे नाही या आपल्या परंपरागत दर्याच्या नियमाप्रमाणे, शेकडो रोहिंग्यांना ओढत किनाऱ्याला आणले होते. पुढे भार वाटून घ्यायला कोणीच आले नाही, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याच प्रांताच्या राजधानीत विद्यार्थ्यांच्या जमावाने रोहिंग्यांना निवाऱ्यातून हुसकावून लावले. पण २०२१ च्या त्या जूनमध्ये इदामानवर उतरलेल्या ८१ जणांना स्थानिकांनी जेवण दिले. फेब्रुवारीत आपल्या जवानांनी मोजली होती तीही ८१ च माणसे होती.